झाडं जगवण्याचा ठेका

कामोठ्याच्या जुन्या गावामागे, विजेच्या मोठ्या तारांखाली, जमिनीची एक लांबट पट्टी आहे. तारांमुळे तिथे बांधकाम करता येत नाही, म्हणूनच ती उरली. नव्या शहरासाठीच्या संपादनात भातखाचरं गेली, मिठागर गेलं, त्यांच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉटही बिल्डरकडे जाऊन त्यावर सात मजले चढले. पट्टीवर मात्र भामाबाईंची नर्सरी आहे. तिथे रोप आणायला गेलेला माणूस सहसा बोलणी खाऊन परत येतो. मी मोगरा आणायला गेलो होतो. फुलं कधी येतील, एवढंच विचारलं. “मना काय विचारता, त्याला विचारा,” असं म्हणून त्यांनी कुंडी माझ्या हातात कोंबली आणि पाठ फिरवली.

नर्सरी सुरू केली ती त्यांच्या यजमानांनी, काशीरामने. तो मवाळ माणूस. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं त्याच्याकडे आणि भांडणं बायकोकडे, अशी दोघांची वाटणी होती. रोपं टेम्पोत चढवतानाच छातीत कळ येऊन तो गेला. तेराव्याची जेवणं आटोपली आणि त्याचा धाकटा भाऊ हरेश भामाबाईंसमोर येऊन बसला.

“वयनी, एका पार्टीला ट्रेलर लावायला जागा पायजे. नर्सरी कोन सांभालनार आता?”

“पयला हात धुवून ये,” भामाबाई म्हणाल्या. “खरकटा हाय अजून.”

त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं फक्त भांडणापुरतं उरलं. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं. तिच्या सहीशिवाय त्याला जागा भाड्याने देता येईना आणि त्याच्या सहीशिवाय तिला बँकेचं कर्ज मिळेना. दोघांनीही सही न देण्यातच समाधान मानलं.

नर्सरीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे एका सरकारी प्राधिकरणाचा उद्यान विभाग. दर जूनला विभागाचे ट्रक यायचे, गुलमोहर, पेल्टोफोरम, पामची रोपं भरून न्यायचे. उलव्यात, खारघरात दुभाजकांवर, रस्त्याच्या कडेला खड्डे पडायचे, त्यांत ती उभी राहायची आणि मार्चपर्यंत बहुतेक सगळी वाळून जायची. पुढच्या जूनला पुन्हा ट्रक, पुन्हा तेच खड्डे. भामाबाई बसमधून जाताना स्वतः वाढवलेल्या रोपांच्या वाळक्या काटक्या बघायच्या आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. काटकी दिसली की पुढच्या वर्षीची मागणी दिसायची. या धंद्यात झाड मरणं हीच बरकत होती आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

चारेक वर्षांपूर्वी एका सकाळी सून अंकिता मोबाइल घेऊन नर्सरीत आली. अंकिता खारघरच्या नोकरदार घरातली. भामाबाईंच्या मुलाशी, निकेशशी, लग्न होण्याआधी ती एका बांधकाम कंपनीत निविदांची कागदपत्रं तयार करायची. सासूने तिचं नाव ‘आमची हापिसर’ ठेवलं होतं आणि ते प्रेमाने ठेवलेलं नव्हतं.

“आई, विभागाची नवीन निविदा आलीय. यंदापासून ते रोपं विकत घेणार नाहीत.”

“मंग काय फुकट नेनार?”

“झाड लावायचं, तीन वर्षं सांभाळायचं आणि जगलं तरच बिल निघणार. मेलं तर आपल्या खर्चाने दुसरं लावायचं. हे सगळं एकाच ठेकेदाराने करायचं. दर सहा महिन्यांनी मोजणी. आणि झाडं फक्त इथलीच. करंज, ताम्हण, बकुळ, कदंब, वड, पिंपळ.”

भामाबाईंनी नर्सरीवरून नजर फिरवली. यादीतलं एकही झाड तिथे विकण्याएवढं नव्हतं. बघावं तिथे गुलमोहर होते.

“कोनी काढला हा येडेपना?”

“कुणी का काढेना. अजून अटी आहेत. भरायचं असेल तर देखभालीच्या कामाचा अनुभव लागतो, मोठी उलाढाल लागते. आपल्याकडे दोन्ही नाही.”

“आनि आपल्याकडं काय हाय?”

“नर्सरी. ठेकेदाराकडे स्वतःची नर्सरी हवी, जमिनीच्या कागदासकट, अशी अट आहे.”

“कागदावर त्या मेल्या हरेशचा नाव हाय,” भामाबाई म्हणाल्या आणि झारी उचलून चालू लागल्या.

निविदा भरण्याआधी शंका विचारायला विभागाने सगळ्या ठेकेदारांना बैठकीला बोलावलं होतं. भामाबाई अंकिताला घेऊन गेल्या. वातानुकूलित सभागृहात त्या एकट्याच नऊवारीत होत्या. दोन रांगा पुढे हरेश बसलेला, शर्टाच्या खिशाला गॉगल अडकवलेला. तो आता रस्तेसफाईचे आणि दुभाजकांच्या देखभालीचे ठेके घेत होता. अनुभव, उलाढाल, नोंदणी सगळं त्याच्याकडे होतं.

उद्यान अधीक्षक विनिता मॅडमनी नवीन अटी समजावून सांगितल्या. त्यांचं पुरतं बोलून व्हायच्या आत भामाबाई उभ्या राहिल्या.

“आमी रोप देतो. त्याला पानी तुमी घालत नाय, गुरं तुमी हाकलत नाय. आनि मेला का पैसे आमचे कापनार?”

“बाई, आजवर पाण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, हे खरं आहे,” विनिता मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच आता रोप आणि पाणी एकाच्याच गळ्यात घालतोय. मला एक सांगा, उलव्याच्या मोठ्या रस्त्याला गेली कित्येक वर्षं तुमच्याकडून गुलमोहर आले. त्यातले आज किती उभे आहेत?”

भामाबाई खाली बसल्या. त्यांनी ते कधी मोजलंच नव्हतं.

“आमची वयनी,” हरेश शेजारच्या ठेकेदाराला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. “घरात पन असाच चालू असतं.” पुढच्या रांगा हसल्या.

परतताना रिक्षात भामाबाई सुनेवर घसरल्या. “तू तोंडात गुलनी धरून बसलेलीस. एक शब्द बोल्ली नायस.”

“काय बोलू? मॅडमचं बरोबर होतं.”

भामाबाईंनी रिक्षा थांबवली, उतरल्या आणि सर्व्हिस रोडने भर उन्हात चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांनी सुनेशी बोलणंच टाकलं. चहा, भाजी, वीजबिल, जो काही निरोप असेल तो नर्सरीत काम करणाऱ्या गोदूच्या तोंडून जायचा. गोदू त्यांच्याच वयाची, गावातलीच, आणि तिला या मधल्या कामाचा भयंकर कंटाळा आला होता.

जूनचे ट्रक येणार नव्हते. निविदेची मुदत जवळ आली तेव्हा अंकिता नर्सरीत येऊन गोदूसमोर उभी राहिली. भामाबाई तिथेच माती चाळत होत्या.

“गोदूमावशी, आईंना सांगा, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सोसायट्यांच्या बागा सांभाळायला घ्यायच्या, अनुभवाचे दाखले जमवायचे आणि चार-पाच वर्षांनी निविदा भरायची. तोवर गुलमोहराकडे बघत बसायचं. दुसरा म्हणजे ज्याच्याकडे अनुभव आहे त्याच्याशी भागीदारी करून आत्ताच भरायची. दोघांनी मिळून भरलेली चालते, असं अटींमध्येच लिहिलंय.”

“तिला विचार, असा कोन हाय?” भामाबाई चाळणीकडे बघत म्हणाल्या.

“कोण आहे ते त्यांना माहीत आहे. आणि त्यालाही आपली गरज आहे. नर्सरीच्या कागदाशिवाय त्याचीही निविदा उघडणार नाही.”

भामाबाईंनी चाळणी आपटली. “त्याच्या दारात मी मेली तरी जानार नाय.”

जावं लागलंच नाही. हरेशच आला. गाडी बाहेर उभी करून तो रोपांच्या वाफ्यांमधून आत आला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

“वयनी, जागेच्या कागदावर सही पायजे. भाडा देतो वर्षाचा.”

“भाडा नको. अर्धी भागी.”

“तुझ्याबरोबर धंदा करायचा म्हंजे विस्तव खिशात घालून फिरायचा.”

“मंग नको फिरू. उरनला जा, पेनला जा, मिलते का बघ कागदासकट नर्सरी.”

हरेश गेला. दुसरी नर्सरी त्याने खरंच शोधली. एकाकडे जमीन भाड्याची होती, दुसऱ्याने दुसऱ्याच ठेकेदाराला शब्द दिलेला होता. इकडे भामाबाईही निवांत नव्हत्या. हरेशला कुणी भेटला तर आपल्या हातात तारांखालची पट्टी आणि गुलमोहर एवढंच उरेल, हे त्यांना कळत होतं. तो पुन्हा आला तेव्हा अंकिताने करार लिहून तयारच ठेवला होता. नफा अर्धा-अर्धा. बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या. झाड कुठलं आणि कुठे लावायचं हे भामाबाई ठरवणार, टँकर आणि मजूर हरेशचे. कागदोपत्री मुख्य भागीदार मात्र हरेश, कारण अनुभव त्याचा.

या शेवटच्या कलमाशी भामाबाई अडल्या. “त्याचा नाव वर?”

“नाव त्यांचं, दाखला तुम्हाला,” अंकिता म्हणाली. कितीतरी आठवड्यांनी ती सासूशी थेट बोलत होती. “तीन वर्षांनी देखभालीच्या अनुभवाचा दाखला दोन्ही भागीदारांना मिळतो. मग तुमच्या वर कुणाचंच नाव लागणार नाही.”

हरेशनेही ते ऐकलं. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की मागच्या कागदावरही ती उमटली.

ठेका मिळाला. उलव्याच्या मोठ्या रस्त्याचे दोन्ही पदपथ. भामाबाईंनी गुलमोहर मिळेल त्या भावाने फार्महाउसवाल्यांना विकून टाकले. विभागाला पुरुषभर उंचीची झाडं हवी होती, ती कर्जतकडून आणली. पुढे जी मरतील त्यांच्या जागी लावायची रोपं करायला गोदू खाडीकडेच्या करंजांच्या शेंगा गोळा करू लागली. पावसाळ्यात झाडं लागली, प्रत्येकाच्या बुंध्याला क्रमांकाचा पत्रा, प्रत्येकाचा जागेसकट फोटो. तो फोटो काढायचं काम अंकिताचं. भामाबाई छत्री धरून तिच्यावर लक्ष ठेवायच्या.

खरी लढाई दिवाळीनंतर सुरू झाली. रस्ता सगळ्यांचा आणि झाड कुणालाच नको. टँकर उभा राहिला की सोसायटीच्या गेटमधून गाड्यांचे हॉर्न वाजायचे. पार्किंगला आड येतं म्हणून कुणीतरी एक ताम्हण मुळासकट वाकवला. प्लायवुडवाल्याने बकुळीला जाहिरातीचा फलक खिळ्यांनी ठोकला. भामाबाई रोज सकाळी बसने उलव्याला जायच्या आणि भांडून यायच्या. एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर गोदूलाच चुकल्यासारखं वाटायचं.

सगळ्यात वाईट प्रकरण इंद्रजीतचं. त्याचं फरसाणाचं दुकान, पिवळ्या अक्षरांची मोठी पाटी, आणि पाटीसमोर बरोबर एक करंज. तो करंज मेला. भामाबाईंनी दुसरा लावला, तोही मेला. तिसऱ्याच्या वेळी त्या सकाळपासून समोरच्या बंद गाळ्याच्या पायरीवर बसून राहिल्या. दुपारी इंद्रजीत स्वतः कढई घेऊन बाहेर आला आणि उरलेलं गरम तेल बुंध्यात ओतून आत गेला.

भामाबाई दुकानात शिरल्या. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

“तक्रार करा,” इंद्रजीत काउंटरमागून शांतपणे म्हणाला. “माझी पाटी दिसत नाही, त्याची तक्रार मी कुणाकडे करू? तुम्हाला झाडाचे पैसे मिळतात. मला त्याचं काय मिळतं?”

गिऱ्हाइकांतल्या दोघांनी मान डोलावली. एक बाई म्हणाली, “खरंच हो, झाडांनी फुटपाथ किती अरुंद झालाय.” भामाबाई एकट्या पडल्या. संध्याकाळी इंद्रजीतने पोलिसांत अर्ज दिला, की या बाईने दुकानात येऊन धमकावलं.

दुसऱ्या दिवशी हरेश रस्त्यावर आला. “वयनी, लेखी परवानगी काढली तर झाड पुढं सरकवता येतं. मी अर्ज देतो. पाटी त्याची दिसल, झाड आपला जगल.”

“म्हंजे तेल ओतनारा जिंकला.”

“मोजनीला झाड पायजे, भांडन नाय. भांडनाचा बिल निघत नाय.”

“तू आधीपासून विकाऊच,” भामाबाई म्हणाल्या. हरेश संतापला. दोघं भर रस्त्यात, टँकरच्या दोन बाजूंना उभे राहून, काशीरामच्या तेराव्यापासूनचं सगळं काढून भांडले. टँकरवाला पाणी सोडायचं विसरून ऐकत राहिला.

हरेशने अर्ज दिला. मुख्य भागीदार म्हणून त्याची एकट्याची सही विभागाला पुरेशी होती. पाट्यांसमोरची चार झाडं पुढे सरकवायला परवानगी आली. भामाबाईंना हे कळलं ते मजूर खड्डे खणताना बघून. त्यांनी तीन झाडं निमूटपणे सरकवू दिली. इंद्रजीतच्या पाटीसमोरच्या, मेलेल्या करंजाच्या जुन्या खड्ड्याजवळ मात्र दुसऱ्या सकाळी त्या गोदूला घेऊन आल्या आणि तिथे पिंपळ लावला. चांगला डोक्याएवढा पिंपळ. गोदूने त्याला हळदकुंकू वाहिलं, पांढरा दोरा गुंडाळला, पायाशी नारळ फोडला. नंतर भामाबाई दुकानाच्या दारात गेल्या.

“तेल ओतायचा असल तर लोकांसमोर ओत,” एवढंच म्हणून त्या निघाल्या.

दुपारपर्यंत मागच्या सोसायटीतल्या दोघी-तिघी तांब्या घेऊन खाली आल्या. फुटपाथ अरुंद झाला म्हणणारी बाईही त्यांत होती. शनिवारी तिथे दिवा लागला. इंद्रजीत दुकानातून हे सगळं बघत राहिला. तेव्हापासून भामाबाईंना शस्त्र सापडलं. प्रत्येक दुकानासमोर थांबून त्या सांगू लागल्या, “हा बकुल मेला तर हितं पिंपल लावीन. मंग पाटी पन विसर आनि पार्किंग पन.” झाडं मरायची थांबली. कुणाच्या मनात झाडाविषयी माया निर्माण झाली नव्हती, लोक फक्त पिंपळाला घाबरले.

पण हरेशचं म्हणणंही खोटं नव्हतं. तपासणीला आलेल्या विनिता मॅडम त्या पिंपळापाशी थांबल्या. “याच्या मुळ्या खालचं गटार फोडतील. या जागी पिंपळ मंजूर नाही. हे झाड मोजणीत धरणार नाही. आणि परस्पर लावल्याबद्दल तुमच्या भागीदारीला नोटीस येईल.”

“काढून दाखवा मंग,” भामाबाई म्हणाल्या.

मॅडमनी झाडाभोवतीच्या दोऱ्यांकडे बघितलं. काढायला कुणी मजूर तयार झाला नाही. नोटीस आली, दंडही बसला आणि तो हरेशने भागीदारीच्या खात्यातून भरला. त्या दिवशी त्याने भामाबाईंना फोन केला नाही, अंकिताला केला. “तुझ्या सासूला सांग, तिच्या देवाचा खर्च माझ्या भागातून पन गेला.”

त्याच उन्हाळ्यात पाणीकपात लागली. टँकर सोसायट्यांनी आधीच धरून ठेवलेले. मोजणी तोंडावर आणि पानं सुरळी होऊन लटकलेली. हरेशने तळोज्याच्या बाजूने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचं पाणी मिळवलं, तीन ठिकाणी हात जोडून, आणि तो स्वतः टँकरवर बसून आला. भामाबाई पाइप धरून उभ्या होत्या. तो काय करून आला हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला फक्त एवढं म्हटलं, “हलू सोड. माती वाहते.” ठेका टिकायला मोजणीत जितकी झाडं जगलेली हवी होती, त्याहून थोडीशीच जास्त भरली. ठेका वाचला.

तीन वर्षं संपली आणि दाखले मिळाले. दोघांना वेगवेगळे. दुसऱ्याच आठवड्यात हरेशने जमिनीच्या वाटपाचा अर्ज केला. भामाबाईंनी हरकत घेतली नाही, कारण त्यांनाही तेच हवं होतं. आता पट्टीच्या मधोमध काटेरी तार आहे. पलीकडे हरेशच्या भाडेकरूंचे ट्रेलर उभे असतात. अलीकडे करंज, ताम्हण, बकुळ. ट्रेलरची धूळ रोपांवर बसते, त्यावरून भांडण सुरूच आहे.

उलव्याच्या पुढच्या रस्त्याची निविदा निघाली तेव्हा दोघांनी वेगवेगळी भरली, हरेशने दुसऱ्या एका नर्सरीवाल्याला भागीदार घेऊन. भामाबाईंच्या बाजूने उलाढाल कमी पडत होती. अंकिताने अटींमधली छोट्या उद्योगांची सवलत शोधली आणि महिला उद्योग म्हणून नोंदणी करून घेतली. त्यासाठी नवीन संस्थेत तिचं नाव सासूच्या बरोबरीने घालावं लागलं. ते घालतानाही दोघींचं बिनसलं होतं. भामाबाईंचं म्हणणं, सून आतून घुसली. अंकिताचं म्हणणं, घुसले नसते तर दार उघडलंच नसतं.

हरेशने लेखी आक्षेप घेतला, की पिंपळाची नोटीस असलेल्या बाईला काम देऊ नये. विनिता मॅडमनी नोटीस भागीदारीच्या नावावर होती, म्हणजे त्याच्याही नावावर, एवढं दाखवून तो फेटाळला. सभागृहाबाहेर जिन्यावर दोघं समोरासमोर आले. हरेश बाजूला झाला नाही, भामाबाईही झाल्या नाहीत. शेवटी मागून येणाऱ्या शिपायाने “चला हो” म्हटलं आणि दोघंही अंग चोरून एकमेकांना न शिवता गेले.

काम भामाबाईंना मिळालं आणि मागच्या महिन्यात सुरू झालं. नवीन रस्त्याला अजून दुकानं नाहीत, अर्धवट इमारती आणि खडीचे ढीग आहेत. मजुरांनी पहिले चार खड्डे मारले आणि एका प्लॉटच्या पत्र्याच्या कुंपणाआडून सफारी घातलेला माणूस बाहेर आला. हात कमरेवर ठेवून तो खड्ड्याकडे बघत राहिला.

“इथे गेट येणार आहे,” तो म्हणाला.

अंकिताने नकाशा उघडला. भामाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या त्याच्याकडे चालू लागल्या.